बेसबॉलमध्ये व्हिडिओ रिव्ह्यू: असावा का, आणि असावा तर नेमका कशाकशाला?

फाउलपोल (धागा सुरू करणारे)

एका हौशी लीगच्या नियमावलीत व्हिडिओ रिव्ह्यूचं कलम घालायचा प्रस्ताव आहे. सामने सात इनिंगचे, मैदानावर अंपायर दोनच, कॅमेरे फार तर चार. समितीत सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, चूक दुरुस्त करायचं साधन हाताशी असताना ते न वापरणं हा निव्वळ हट्ट. दुसऱ्याचं म्हणणं, अंपायरची चूक आजवर सगळ्यांनी पचवली, आता दर दहा मिनिटांनी खेळ थांबवायची हौस कशाला?

मतं द्याच, पण त्याहून तपशील हवाय. अमेरिकेच्या एमएलबीने (मेजर लीग बेसबॉल) काय काय तपासायला दिलं, काय मुद्दाम बाहेर ठेवलं? राबवताना गाडी कुठे अडली? चार कॅमेऱ्यांत यातलं किती झेपेल? एकाचं म्हणणं, "क्रिकेटचं डीआरएस उचला आणि घाला". ते कितपत लागू पडतं तेही सांगा.

---

बॉक्सस्कोअर

"असावा का" हा प्रश्न माझ्या मते २ जून २०१० लाच निकालात निघाला. डेट्रॉइटचा पिचर (चेंडू टाकणारा) आर्मांडो गालारागाने क्लीव्हलंडचे २६ बॅटर ओळीने आउट केले होते. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. त्याचा ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला चेंडू) फर्स्ट बेसमन मिगेल कब्रेराने उचलला, गालारागा बेस सांभाळायला धावला, चेंडू मिटमध्ये (हातमोज्यात), पाय बेसवर, डोनाल्ड अजून मागेच. अंपायर जिम जॉइसने सेफ दिलं. घरी टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला पहिल्याच रिप्लेत चूक दिसली. ज्याने निर्णय द्यायचा त्यालाच तो रिप्ले बघायची मुभा नव्हती, कारण ऑगस्ट २००८ मध्ये आलेला रिव्ह्यू फक्त होम रनपुरता होता. सामन्यानंतर जॉइसने चूक उघडपणे मान्य केली, पण परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न पोहोचू देता जिंकलेला सामना) गेला तो गेलाच.

त्याआधीचं ठळक उदाहरण १९८५ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. सेंट लुइस १-० ने पुढे, नववी इनिंग, कॅन्सस सिटीचा होर्हे ओर्टा फर्स्ट बेसवर स्पष्ट आउट असताना डॉन डेन्किंगरने सेफ दिला. कॅन्सस सिटीने तो सामना २-१ ने आणि पुढचा ११-० ने जिंकला.

दोन्ही प्रसंगांची जात एकच: फर्स्ट बेसचा फोर्स प्ले (रनरच्या आधी चेंडू धरून बेसला पाय लावला की आउट), बेस सांभाळायला धावत आलेला पिचर, आणि "आधी काय झालं, चेंडू की पाय" एवढाच प्रश्न. कॅमेरा याच प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत चोख देतो. म्हणून २०१४ च्या विस्तारित रिव्ह्यूत हा प्रकार घेतला. त्याच यादीत टॅग प्ले (रनरच्या अंगाला चेंडू लावून आउट), आउटफिल्डमधला झेल, बॅटरला चेंडू लागला का, प्रेक्षकाचा अडथळा, रनरने बेसला पाय लावला का, आणि तिसरा आउट होण्याआधी रन पूर्ण झाला का, हेही आहे.

बाहेर ठेवलेलं जास्त बोलकं आहे. चेक स्विंग (बॅट अर्ध्यात थांबवली का) नाही, बॉक (रनर बेसवर असताना पिचरची बेकायदा हालचाल) नाही, इनफिल्ड फ्लाय (सोपा उंच झेल, ज्यावर बॅटर आधीच आउट दिला जातो) नाही. हे सगळे अंपायरच्या अंदाजाचे निर्णय. चित्र कितीही स्वच्छ असो, "बॅटरने खरंच बॅट फिरवायचा प्रयत्न केला का" हे चित्रावर लिहिलेलं नसतं. फेअर-फाउलही (चेंडू रेषेच्या आत की बाहेर) सरसकट नाही: फर्स्ट किंवा थर्ड बेसच्या अंपायरच्या जागेवर किंवा त्यापुढे चेंडू पहिल्यांदा पडला तरच. त्याच्या अलीकडचा निर्णय अंपायरचाच.

समितीत आकडा विचारतीलच म्हणून सांगतो: आव्हान दिलेल्या निर्णयांपैकी साधारण निम्मे फिरतात. याचा अर्थ "अंपायर निम्म्या वेळा चुकतात" असा कुणी काढला तर तिथेच थांबवा. संघाचा माणूस आधी स्क्रीनवर बघून मगच आव्हान द्यायला सांगतो. म्हणजे चाळणीतून आलेल्या प्रसंगांपैकी निम्मे. उरलेल्या शेकडो निर्णयांकडे कुणी बोटही दाखवत नाही.

---

किस्टोन

बॉक्सस्कोअर, गालारागाचं उदाहरण कुणीच नाकारणार नाही. पण तसल्या घोडचुकीसाठी आणलेलं हत्यार रोज चालतं ते भलत्याच ठिकाणी.

सेकंड बेसची चोरी (पिच पडत असताना धावून पुढचा बेस गाठणं) घ्या. रनर टॅगच्या आधी व्यवस्थित पोहोचला. घसरत येऊन उभा राहताना पाय बेसच्या कडेवर आपटतो आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर बेसपासून बोटभर सुटतो. फील्डरने मिट त्याच्या मांडीला नुसती टेकवून ठेवलीय. फ्रेम थांबवून बघितलं तर आउट. नियमाने आउट, हे मान्य. पण शंभर वर्षं हा आउट कुणी मागितला नव्हता, कारण उघड्या डोळ्यांना तो दिसतच नाही. आता फील्डरना शिकवलं जातं की टॅग लावलात की मिट काढू नका, रनर हलेपर्यंत चिकटून राहा. रिव्ह्यूने निर्णय सुधारला नाही, एक नवा आउट जन्माला घातला. २०२३ मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले, तरी हे थांबलेलं नाही.

डबल प्लेमध्येही (एकाच चेंडूवर दोन आउट) तेच. सेकंड बेसवरचा फील्डर अंगावर येणाऱ्या रनरपासून वाचायला बेसच्या आसपास पाय फिरवायचा आणि आउट मिळून जायचा. सगळ्यांची मूक संमती होती. २०१४-१५ मध्ये हा प्रकार रिव्ह्यूबाहेर ठेवला होता. २०१६ मध्ये रनरच्या स्लाइडवर नवा नियम आला आणि ती सूटही गेली. इथे मात्र माझी तक्रार नाही, कारण आधी फील्डरच्या घोट्याची सोय केली आणि मग सूट काढली. क्रम बरोबर होता.

माझी सूचना: टॅग प्लेचा रिव्ह्यू ठेवलात तर प्रश्न एकच ठेवा, "टॅग आधी की बेस आधी". बेसवर पोहोचल्यानंतरचा क्षणिक सुटलेला संपर्क रिव्ह्यूबाहेर.

---

बॉक्सस्कोअर

किस्टोन, तक्रार पटते, उपाय अर्धाच पटतो. अंपायरने डोळ्यांनी पाहून "पाय सुटला, आउट" असं दिलं आणि ते चूक असेल तर? तुमच्या कलमाने तेही तपासता येणार नाही. त्यापेक्षा असं लिहा: "सुटलेल्या संपर्काचा आउट मागण्यासाठी आव्हान देता येणार नाही, मैदानावर दिलेला तसा आउट रद्द करण्यासाठी देता येईल." एकाच दिशेने उघडणारं दार.

---

किस्टोन

हे चालेल. माझ्यापेक्षा बरं लिहिलंत.

---

तिसरीकडचा_कोच

डीआरएसबद्दल. वरवर सारखं दिसतं, पण मुख्य फरक आव्हान *कोण ठरवतं* यात आहे.

डीआरएसमध्ये मैदानावरच्या खेळाडूंनी १५ सेकंदांत ठरवायचं, ड्रेसिंग रूममधून खूण आली तर गडबड. एमएलबीत उलट: मॅनेजर हात वर करून खेळ रोखतो आणि आतल्या खोलीत बसलेला माणूस रिप्ले बघून फोनवर सांगतो, घे किंवा सोड. २०१४ मध्ये तर मॅनेजर मैदानात येऊन अंपायरशी गप्पा मारत वेळ काढायचे आणि डगआउटकडे (संघाच्या बाकाकडे) तिरका डोळा. २०१५ पासून ते डगआउटमधूनच आव्हान देऊ लागले. २०१७ मध्ये ठरवायला ३० सेकंद ठेवले, २०२० मध्ये २०, २०२३ मध्ये १५. सूट देऊन मग ती ओढून घ्यायला नऊ वर्षं लागली. तुम्ही शेवटच्या आकड्यापासूनच सुरुवात करा.

त्या खोलीची दुसरी किंमत जास्त महाग पडली. डगआउटपासून दोन पावलांवर थेट चित्रं दिसणारी खोली आली की कॅचर पिचरला पुढच्या पिचसाठी देतो त्या खुणा वाचायचा मोह होणारच. ह्यूस्टनचं २०१७ चं प्रकरण आठवा: रिप्लेच्या खोलीतून खुणांचा उलगडा, मग सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि कचऱ्याच्या डब्यावर ठोकून बॅटरला इशारा. जानेवारी २०२० मध्ये ५० लाख डॉलरचा दंड, ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या) दोन वर्षांच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीच्या निवडी गेल्या, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभर निलंबित. बोस्टनच्या २०१८ च्या संघातल्या रिप्ले ऑपरेटरवरही त्याच वर्षी कारवाई झाली. रिव्ह्यूसाठी आणलेली स्क्रीन चोरीच्या कामी आली. म्हणून हौशी लीगमध्ये संघांना एकही स्क्रीन देऊ नका, डगआउटमध्ये फोनसुद्धा नको. खेळाडूने स्वतः पाहिलं असेल त्यावर आव्हान द्यावं.

गंमत म्हणजे बॉल-स्ट्राइकसाठी (पिच झोनच्या बाहेर की आत) आणलेली एबीएस (ऑटोमेटेड बॉल-स्ट्राइक) आव्हानपद्धत डीआरएसच्या जवळ जाते. २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये चाचणी झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, २०२६ च्या मोसमापासून लागू. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. मागायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरला, टोपीवर किंवा हेल्मेटवर टपली मारून, लगेच, डगआउटची मदत न घेता. हॉक-आयच्या १२ कॅमेऱ्यांवरून उत्तर साधारण १५ सेकंदांत. झोन (स्ट्राइकचा चौकोन) होम प्लेटच्या रुंदीचा, १७ इंच. वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. आणि मोजमाप प्लेटच्या मध्यावरच्या उभ्या पातळीत. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. पुढच्या कडेला झोनला चाटून, मध्यावर पोहोचेपर्यंत खाली बुडालेला कर्व्ह नियमपुस्तकाप्रमाणे स्ट्राइक, एबीएसप्रमाणे बॉल. कोरियाच्या केबीओ लीगने तर २०२४ पासून प्रत्येक पिचचा निर्णय यंत्रावरच सोपवला. अंपायर कानातल्या यंत्रात ऐकून घोषणा करतो.

हे तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे. साध्या व्हिडिओवरून बॉल-स्ट्राइक तपासायचा विचारही करू नका. सेंटर फील्डचा कॅमेरा पिचरच्या डोक्याआड येऊ नये म्हणून बहुतेक वेळा बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे प्लेटची कड तिरकी दिसते आणि कोपऱ्यातला प्रत्येक पिच वादग्रस्त वाटतो.

---

शटर१०००

कॅमेऱ्यांचं मी सांगतो. आधी गणित, मग जागा.

फर्स्ट बेसकडे जोरात फेकलेला चेंडू ताशी ८५ मैल धरा, म्हणजे सेकंदाला ३८ मीटर. ६० फ्रेमच्या चित्रीकरणात दोन फ्रेमच्या मध्ये तो ६३ सेंटिमीटर जातो. रनर सेकंदाला सव्वाआठ मीटर पळत असेल तर त्याचं अंग फ्रेमला १४ सेंटिमीटर सरकतं. म्हणजे एका फ्रेममध्ये चेंडू मिटच्या बाहेर आणि पाय हवेत, पुढच्यात चेंडू मिटमध्ये आणि पाय बेसवर, असा प्रसंग हमखास येणार. ६० फ्रेमवर त्याचं उत्तर नाहीच. २४० फ्रेमवर हेच अंतर चेंडूचं १६ आणि रनरचं साडेतीन सेंटिमीटर होतं. फर्स्ट बेसचा कॅमेरा तरी २४० चा हवा. बाकीचे १२० वर चालतील.

फ्रेमइतकाच शटर महत्त्वाचा, आणि तिथेच लोक गंडतात. शटर १/६० वर राहिला तर प्रत्येक फ्रेममध्ये पाय १४ सेंटिमीटर फरफटलेला दिसतो. २४० फ्रेमवर शटर १/२४० असला तरी कड साडेतीन सेंटिमीटर धूसर. शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा, फरफट सेंटिमीटरच्या आत येते. संध्याकाळी त्याची किंमत मोजावी लागते: चित्र काळवंडतं, कण दिसायला लागतात. शिवाय काही फ्लडलाइट वेगवान शटरमध्ये लुकलुकतात, एक फ्रेम उजळ, पुढची अंधारी. दिव्यांखाली आधी एकदा पूर्ण चाचणी घ्या. ऑटोफोकस आणि ऑटो एक्स्पोजर बंद. नाहीतर रनर आडवा गेला की कॅमेरा त्याच्या पाठीवर फोकस धरतो आणि नेमकी मिट धूसर होते.

जागा. पहिला कॅमेरा फर्स्ट बेसच्या फाउल बाजूला, बेसच्या अगदी समोर, रनरच्या धावरेषेला काटकोनात, जमिनीपासून चार-पाच मीटर वर. काटकोनात असल्याने पाय आणि बेसची कड यांतलं अंतर खरं दिसतं. होम प्लेटच्या मागून बघितलं तर तेच अंतर चेपलेलं दिसतं. उंचीवर असल्याने रनरच्या अंगाआड मिट जात नाही. बेस, पाय आणि पूर्ण ताणलेल्या फर्स्ट बेसमनची मिट एकाच चौकटीत बसलीच पाहिजे. हौसेने झूम करून नुसता बेस धरलात तर चेंडू कधी आला हे कळायला दुसरा कॅमेरा लागेल, आणि मग दोन्हींची वेळ जुळवत बसा.

दुसरा आणि तिसरा होम प्लेटला, एक फर्स्ट बेसच्या बाजूने, एक थर्डच्या. दोन कशाला? टॅग रनरच्या शरीराच्या ज्या बाजूला लागतो त्याच्या विरुद्ध बाजूच्या कॅमेऱ्याला फक्त पाठ दिसते. चौथा होम प्लेटच्या मागे उंचावर, रुंद, अख्खं इनफिल्ड दिसेल असा, आणि तो कधीही हलवायचा नाही. निर्णय फिरल्यावर कुठला रनर कुठे होता हे त्यावरूनच कळणार.

एवढ्यात सेकंड आणि थर्ड बेसचे टॅग नीट दिसत नाहीत. मग तिथे रिव्ह्यूही नाही. किस्टोनच्या दुखण्याचा बराचसा भाग तिथेच मिटेल. आउटफिल्डमधला टप्पा की झेल तर विसराच, रुंद चौकटीत चेंडू पांढऱ्या ठिपक्याएवढा.

---

फाउलपोल

भरपूर मिळालं, आभार. दोन शंका. फाउल लाइनवरचा चेंडू चौथ्या कॅमेऱ्यातून दिसेल ना? आणि तिसऱ्या आउटआधी रन झाला का, हे दोन वेगवेगळ्या बेसवर घडतं, ते जमेल का?

---

शटर१०००

पहिल्याचं उत्तर नाही. फेअर-फाउल ठरवायला कॅमेरा त्या रेषेच्या बरोब्बर सरळीत हवा. थोडा जरी बाजूला असला तरी हवेतला चेंडू जमिनीवरच्या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे सरकलेला दिसतो. फाउल पोलच्या वरून गेलेल्या होम रनचे वाद यातूनच होतात. तुमच्या दोन्ही रेषा होम प्लेटपासून काटकोनात फाकतात, मागे वाढवल्या तर एक थर्ड बेसच्या बाजूला निघते, दुसरी फर्स्टच्या. एका कॅमेऱ्याला दोन्ही सरळीत येणं शक्य नाही. मधोमध ठेवलात तर दोन्ही रेषा चुकणार.

दुसरं जमेल, पण फक्त चौथ्या कॅमेऱ्यावर, आणि दोन्ही ठिकाणं त्याच चौकटीत असली तरच. वेगळ्या दोन कॅमेऱ्यांची चित्रं शेजारी लावून निर्णय द्यायचा असेल तर दर इनिंगच्या सुरुवातीला चारही कॅमेऱ्यांना दिसेल असा एक फ्लॅश उडवा आणि त्या फ्रेमवरून वेळ जुळवा. साध्या कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू सरकतात. पहिल्या इनिंगला जुळवलेलं सातव्या इनिंगपर्यंत विश्वासाचं राहत नाही.

---

बॉक्सस्कोअर

कार्यपद्धतीचं राहिलं. एमएलबीत मैदानावरचे अंपायर हेडफोन लावतात, निर्णय न्यूयॉर्कच्या केंद्रात बसलेले अंपायर देतात. तुम्हाला ते परवडणार नाही. जपानच्या एनपीबी लीगची २०१८ ची पद्धत जवळची आहे: अंपायर आत जाऊन स्वतः प्रक्षेपणाचं चित्र बघायचे, जास्तीत जास्त पाच मिनिटं, आणि संघाला दोनदा चुकायची मुभा. तुम्हाला सात इनिंगला एकच पुरे. बरोबर ठरलं तर शिल्लक. आणि पाच नव्हे, दोन मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांत दिसलं नाही तर तो पुरावा स्पष्ट नव्हताच, मैदानावरचा निर्णय कायम. घोषणा करताना "चित्रावरून निर्णय बरोबर ठरला" आणि "पुरावा अपुरा म्हणून निर्णय कायम" हे दोन्ही वेगवेगळं सांगा. एमएलबीतही हा भेद पाळतात, त्याने डगआउटमधली अर्धी कुरकुर कमी होते.

आता सगळ्यांत किचकट गोष्ट, जी समित्या शेवटी लिहितात आणि पहिल्याच महिन्यात जिच्यावरून भांडणं होतात: निर्णय फिरल्यावर रनर कुठे ठेवायचे? आउट दिलं की बाकीचे खेळाडू त्या निर्णयावर विसंबून थांबतात. समजा थर्डवर रनर, दोन आउट, फर्स्ट बेसवर बॅटर आउट दिला. इनिंग संपली म्हणून सगळे मैदान सोडायला लागले. रिव्ह्यूत बॅटर सेफ. थर्डवरचा रनर होमपर्यंत पोहोचला होता का, की अर्ध्यातून परतला? पोहोचला असता का? एमएलबीत रिप्लेचे अंपायर अंदाज बांधून ठरवतात आणि त्यावर दाद मागता येत नाही. दोन अंपायरच्या लीगमध्ये अंदाजावर सोडू नका, ठोकळ नियम लिहून टाका: फोर्सचा आउट सेफ झाला तर बॅटर फर्स्टवर, बाकी प्रत्येक रनरला निर्णयाच्या घोषणेच्या क्षणी तो ज्या बेसकडे अर्ध्याहून पुढे गेला होता तो बेस. ती घोषणा चौथ्या कॅमेऱ्याच्या आवाजात नोंदली जाईल, त्यामुळे तो माइक चालू ठेवा. कधीकधी अन्याय होईल, पण तो सगळ्यांना आधीपासून माहीत असलेला अन्याय असेल.

अंपायरना एक सूचना लेखी द्या: फर्स्ट आणि होमला रिव्ह्यू आहे म्हणून निर्णय लांबवायचा नाही. रिव्ह्यू नसल्यासारखा हात वर करायचा, तोही जोरात. "बघू रिप्लेत" असा अर्धवट हात उचलला की ना रनरला कळत पळू की थांबू, ना फील्डरला कळत पुढे कुठे फेकू.